सपाट भूमीवरील पर्वताभ्यास

पर्वत चढण्याचें शास्त्र पुष्कळ अंशीं सपाटीवरच्या माणसांनीं घडविलें, हें विधान प्रथमदर्शनीं विचित्र वाटेल. परंतु डोंगराच्या कुशींत जन्मलेल्या माणसास चढण हा अभ्यासाचा विषय वाटत नाहीं. गवताचा भारा, लाकडाची मोळी किंवा मिठाचें ओझें घेऊन तो रोजच चढतउतरत असतो, आणि त्याचा देह लहानपणापासून नकळत त्या जीवनक्रमाशीं जुळत गेलेला असतो. अभ्यासाची गरज पडते ती सखल प्रदेशांत राहणाऱ्यास. ज्याच्या गांवांत देवळाच्या कळसाहून उंच कांहीं नाहीं, त्याला हिमशिखराची ओढ लागली म्हणजे घरीं राहून तयारी ती कशी करावी, हा प्रश्न त्याच्यापुढें उभा राहतो. गेल्या दीडशें वर्षांत ह्या प्रश्नाला जीं निरनिराळीं उत्तरें मिळालीं, त्यांचा इतिहास मोठा बोधप्रद आहे. त्यांत विलक्षण कल्पकता आहे, एक चिवट गैरसमज आहे, आणि त्या गैरसमजापायीं गेलेले कांहीं प्राणहि आहेत.

पर्वत माणसाची परीक्षा दोन प्रकारें घेतो. एक परीक्षा चढणीची. तींत मांड्या, पोटऱ्या, गुडघे, खांदे व हृदय यांची कसोटी लागते. दुसरी परीक्षा हवेची. उंचावरील हवेंत प्राणवायूचें शेंकडा प्रमाण सपाटीइतकेंच, म्हणजे सुमारें २१ असतें. परंतु हवेचा दाबच उतरत गेल्यामुळें प्रत्येक श्वासाबरोबर शरीरांत जाणारा प्राणवायु कमी कमी होत जातो. सुमारें १८,००० फुटांवर हा दाब समुद्रकांठच्या निम्म्यावर येतो, आणि एव्हरेस्टच्या माथ्यावर तो जेमतेम एकतृतीयांश उरतो. चढण डोळ्यांना दिसते. हवेचा विरळपणा दिसत नाहीं. त्यामुळें माणसानें आधीं तयारी केली ती दिसणाऱ्या परीक्षेची, आणि न दिसणारी परीक्षा तो फार काळ विसरून राहिला.

दिसणाऱ्या परीक्षेची तयारी सपाट भूमीवर उत्तम होऊं शकते, याला पुरावा हवा असेल तर हॉलंड देशाकडे पाहावें. त्या देशाच्या युरोपांतील भूमीवर सर्वांत उंच जागा म्हणजे फाल्सरबर्ग नांवाची टेकडी. तिची उंची १,१०० फुटांच्याहि आंतच. पुष्कळसा प्रदेश तर समुद्रसपाटीहून खालीं, बांध घालून राखलेला. असें असतां १९०२ सालीं तेथें आल्प्सप्रेमी मंडळींची संस्था स्थापन झाली. आणि त्याच देशाच्या फिलिप्स व्हिसर या गृहस्थानें पत्नी जेनी हिच्यासह १९२२ ते १९३५ या काळांत काराकोरमच्या हिमनद्यांत चार मोहिमा केल्या. इंग्लंडांत केंब्रिज हें विद्यापीठाचें गांव असेंच सपाट, दलदलीच्या मैदानाच्या कडेला वसलेलें. तेथील हौशी विद्यार्थ्यांनीं महाविद्यालयांचीं छपरें, मनोरे व पन्हळी यांनाच कडे मानून रात्रीच्या वेळीं चढण्याचा परिपाठ पाडला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जॉफ्री विन्थ्रॉप यंग या विद्यार्थ्यानें ट्रिनिटी कॉलेजच्या छपरांवरील वाटांची मार्गदर्शिकाच निनांवी छापून काढली. हाच यंग पुढें नामांकित गिर्यारोहक झाला. १९१७ सालीं युद्धांत त्याचा एक पाय गेला. तरी कृत्रिम पाय लावून १९२८ सालीं तो सुमारें १४,७०० फूट उंचीच्या मॅटरहॉर्नच्या शिखरावर जाऊन उभा राहिला. निश्चय आणि सराव यांच्या बळावर माणूस कोठवर जातो, याचें हें उज्ज्वल उदाहरण होय. परंतु त्यांतच एक सूचनाहि दडलेली आहे. गेलेल्या पायाच्या जागीं दुसरा पाय लावतां येतो. उणावलेल्या हवेची भरपाई निश्चयानें होत नाहीं.

ही उणीव कोणाच्याच लक्षांत आली नव्हती असें मात्र नाहीं. जोझे दे अकोस्टा नांवाच्या स्पॅनिश धर्मोपदेशकानें सोळाव्या शतकांत पेरू देशांतील पर्वतराजी ओलांडतांना झालेल्या भयंकर ओकाऱ्यांचें व ग्लानीचें वर्णन १५९० सालच्या आपल्या ग्रंथांत केलें, आणि तेथील हवा मानवी श्वासोच्छ्वासास सोसणार नाहीं इतकी सूक्ष्म आहे, असें कारण सांगितलें. पण कारण सांगणें वेगळें आणि सिद्ध करणें वेगळें. सिद्ध करण्याचें काम झालें तें पर्वतापासून दूर, पॅरिस शहरांत.

पॉल बेर या फ्रेंच शास्त्रज्ञानें आपल्या प्रयोगशाळेंत लोखंडी पत्र्याची हवाबंद कोठडी उभारली. तींतील हवा यंत्रानें ओढून घेतली म्हणजे आंत बसलेला मनुष्य जागचा न हालतां पर्वतावर चढूं लागे. १८७४ सालीं बेर स्वतः त्या कोठडींत बसला आणि दाब उतरवीत उतरवीत जवळजवळ एव्हरेस्टच्या उंचीइतका खालीं नेला. मळमळ, डोकेदुखी, दृष्टीची मंदता हीं सारीं लक्षणें त्यानें स्वतःवर अनुभविलीं. आणि पिशवींतील प्राणवायु हुंगतांच तीं ओसरतात हेंहि पाहिलें. पर्वतावरील आजार थकव्यानें, थंडीनें किंवा भीतीनें होत नसून प्राणवायूच्या अपुऱ्या दाबानें होतो, हा त्याचा सिद्धांत १८७८ सालच्या त्याच्या ग्रंथांत सविस्तर आला आहे, आणि तो आजहि अबाधित आहे.

ह्या सिद्धांताचें मोल किती मोठें होतें, तें ग्रंथ बाहेर पडण्यापूर्वींच एका दुःखद प्रसंगानें कळून चुकलें. क्रोसे-स्पिनेली व सिव्हेल हे दोन बलूनविहारी बेरच्या कोठडींत बसून आले होते. प्राणवायूनें येणारी तरतरी त्यांनीं अनुभविली होती, आणि १५ एप्रिल १८७५ रोजीं 'झेनिथ' नांवाच्या बलूनांतून उंच जातांना त्यांनीं प्राणवायूच्या पिशव्या बरोबर घेतल्या होत्या. तिसरा सोबती गॅस्तों तिसांदिए होता. बेर त्या वेळीं पॅरिसबाहेर होता. नेलेला सांठा पुरणार नाहीं, असें पत्र त्यानें धाडलें; पण तें हातीं पडेपर्यंत उशीर झालेला होता. बलून २६,००० फुटांच्याहि वर गेलें. सांठा थोडा म्हणून अगदीं गरज पडेल तेव्हांच नळी तोंडाला लावावयाची, असा त्यांचा बेत होता. परंतु गरज पडली तेव्हां हातच उचलेना. तिसांदिए शुद्धीवर आला तेव्हां दोघे सोबती मरून पडले होते. ह्या आजाराचें अत्यंत घातकी लक्षण येथें प्रकट झालें. प्राणवायूची उणीव माणसाच्या बुद्धीवर आधीं आघात करते, आणि आपण संकटांत आहों हें ओळखण्याची शक्तिच हिरावून घेते. उलट, पुष्कळदां त्या क्षणीं त्याला बरें वाटत असतें.

त्यानंतरच्या पिढीनें सपाट शहरांतून पर्वताचा आणखी सूक्ष्म अभ्यास केला. उत्तर जर्मनीच्या मैदानांतील बर्लिन येथें नाथन झुंट्स या शरीरशास्त्रज्ञानें १८८९ सालीं प्रयोगासाठीं फिरत्या पट्ट्याचें यंत्र बनविलें. त्यावर मनुष्य किंवा जनावर चालत राहिलें तरी जागच्या जागींच राहतें. आणि पट्टा तिरपा केला कीं तीच चाल चढणीची होते. आज व्यायामशाळांतून घरघरणारें जें यंत्र आपण पाहतों, त्याचा हा शास्त्रीय पूर्वज. चढण्यास किती श्वास लागतो, किती श्रम खर्ची पडतात, सरावानें ते किती वांचतात, याचें मोजमाप झुंट्सनें केलें, आणि सहकाऱ्यांना घेऊन आल्प्समध्यें जाऊन तें पडताळूनहि पाहिलें. १९०६ सालीं प्रसिद्ध झालेला त्यांचा उंचावरील हवामानाविषयींचा ग्रंथ हें त्या परिश्रमाचें फळ. पुढें १९२० सालीं केंब्रिज येथें जोसेफ बारक्रॉफ्ट हा शास्त्रज्ञ कांचेच्या बंद खोलींत सहा दिवस राहिला, आणि आंतील प्राणवायु दिवसेंदिवस कमी करीत आपल्या शरीरांत काय फरक पडतो तें त्यानें नोंदवून ठेवलें. ज्या गांवांत विद्यार्थी छपरें चढून पायांची तयारी करीत, त्याच गांवांत एक प्राध्यापक खुर्चीवर बसून हवेची परीक्षा देत होता.

एव्हरेस्टच्या पहिल्या मोहिमेच्या वेळीं, म्हणजे १९२१ सालीं, ह्या दोन परीक्षांची गल्लत किती महाग पडते हें दिसून आलें. जॉर्ज फिंच या निष्णात गिर्यारोहकास लंडनच्या वैद्यांनीं तपासून अपात्र ठरविलें. त्याच सुमारास ऑक्सफर्ड येथील विरळ हवेच्या कोठडींत त्याची परीक्षा झाली, तींत मात्र तो उत्तम टिकला. तरी तो मागें राहिला. पुढल्याच वर्षीं, १९२२ सालीं, हाच फिंच प्राणवायूच्या नळ्या पाठीवर घेऊन २७,००० फुटांच्या वर, त्या काळपर्यंत कोणीहि गांठली नव्हती अशा उंचीवर जाऊन आला. उलट १९२१ सालच्या मोहिमेंत अलेक्झांडर केलास होता. लंडनच्या एका वैद्यकीय विद्यालयांत रसायनशास्त्र शिकवणारा हा शांत स्कॉटिश गृहस्थ सुट्ट्यांमागून सुट्ट्या सिक्कीमच्या हिमशिखरांत घालवी. शरीर हळूहळू सरावलें तर मनुष्य प्राणवायूच्या मदतीवांचूनहि एव्हरेस्ट चढूं शकेल, असें गणितपूर्वक त्यानें १९२० सालच्या एका निबंधांत मांडून ठेवलें होतें. त्याच्याइतकें त्या विषयाचें ज्ञान त्या काळीं क्वचितच कोणास असेल. परंतु आधींच्या दगदगीनें शरीर झिजलेलें, त्यांत अतिसार जडलेला. ५ जून १९२१ रोजीं तिबेटांतील खांपा झोंगजवळ, एव्हरेस्टचा पायथाहि न गांठतां, वयाच्या ५२ व्या वर्षीं तो मरण पावला. ज्ञान असलें तरी थकलेल्या शरीरास पर्वत सवलत देत नाहीं, हा त्याच्या मृत्यूचा अर्थ.

आणि ज्ञानच नसेल तर? मॉरिस विल्सन या इंग्रजाची कहाणी ह्या प्रश्नाचें उत्तर आहे. उपवास व श्रद्धा यांच्या जोरावर मनुष्य एकटा एव्हरेस्ट चढूं शकतो, अशी त्याची धारणा होती. वेल्स व लेक डिस्ट्रिक्टमधील ठेंगण्या डोंगरांत कांहीं आठवडे भटकणें, एवढाच त्याचा पूर्वाभ्यास. १९३३ सालीं नवशिक्या हातांनीं लहानसें विमान हांकीत तो इंग्लंडहून बिहारच्या मैदानांत पूर्णिया येथें उतरला, ही गोष्ट त्याच्या धैर्याची साक्ष देते. परंतु हिमावर पायऱ्या कशा खोदाव्या, हेंहि त्यानें शिकून घेतलें नव्हतें. १९३४ च्या मे महिन्यांत त्यानें उत्तर खिंडीखालच्या बर्फावर पुनःपुन्हां प्रयत्न केले. त्याच्या रोजनिशींतील शेवटची नोंद ३१ मेची आहे. पुढल्या वर्षीं दुसऱ्या मोहिमेला त्याचा देह सांपडला. त्याच्या धैर्याला हंसूं नये. परंतु धैर्य हें तयारीच्या जागीं उभें राहूं शकत नाहीं, हें त्यावरून शिकावें.

केलासनें कागदावर मांडलेली गोष्ट प्रत्यक्ष अजमावली गेली ती पुन्हां सपाटीवरच, आणि तीहि अगदीं समुद्राच्या कांठीं. १९४६ सालीं अमेरिकेंत फ्लॉरिडामधील पेन्साकोला येथें, नौदलाच्या ठाण्यावर, चार्ल्स हौस्टन व रिचर्ड रायली या दोघां वैद्यांनीं चार तरुणांस एका हवाबंद कोठडींत सुमारें पांच आठवडे ठेवलें. हौस्टन स्वतः कसलेला गिर्यारोहक. १९३८ सालच्या के-टू मोहिमेचा तो नायक होता. कोठडींतील दाब दररोज थोडाथोडा कमी केला जाई, म्हणजे ते तरुण रोज थोडेथोडे 'चढत'. अखेर दोघेजण २९,००० फुटांच्या उंचीएवढ्या दाबांत, वेगळा प्राणवायु न घेतां, सुमारें वीस मिनिटें राहिले. सरावावांचून कोणी एकाएकीं तेथें नेला असता तर दोन-तीन मिनिटांतच बेशुद्ध पडला असता. फरक कशानें पडला? त्या चौघांनीं कोठडींत डोंगर चढले नव्हते. त्यांनीं वेळ घालविला होता, एवढेंच. १९७८ च्या ८ मे रोजीं राइनहोल्ड मेस्नर व पीटर हाबेलर यांनीं प्राणवायूवांचून एव्हरेस्ट चढून ह्या निष्कर्षावर शिक्कामोर्तब केलें.

वेळ घालविल्यानें शरीरांत काय घडतें, तें आतां चांगलें समजलें आहे. उंचावर जातांच कांहीं तासांत श्वास जलद होतो. त्यामुळें अंगारवायु अधिक बाहेर पडून रक्त क्षारधर्मी होतें, आणि मग शरीरच श्वासाला आवर घालूं पाहतें. हा तोल मूत्रपिंडें सांवरतात. पण त्यांना कांहीं दिवस लागतात. रक्तांतील तांबड्या पेशींची वाढ होण्यास तर कांहीं आठवडे जातात. पायांना बळकटी आणणारा कोणताहि व्यायाम ह्या क्रमाला घाईवर आणूं शकत नाहीं. कसरतीनें कमावलेल्या देहाला पर्वतावरचा आजार होत नाहीं, ही समजूत सर्वस्वीं खोटी आहे. किंबहुना बलवान तरुणालाच धोका अधिक, असें म्हणण्यास जागा आहे. कारण तो पायांच्या जोरावर भराभर वर जातो आणि डोकें दुखूं लागलें तरी सांगण्यास लाजतो.

ह्या गोष्टीची किंमत आपल्या देशानेंहि मोजली आहे. १९६२ च्या चीन-युद्धाच्या काळांत व नंतर मैदानांतील हजारों जवान थोड्या अवधींत हिमालयाच्या उंच सरहद्दीवर जाऊन दाखल झाले. निवडक, निरोगी, कसलेल्या देहाचीं हीं माणसें. परंतु त्यांतील कित्येकांस दुर्धर डोकेदुखी, ओकाऱ्या, फुप्फुसांत पाणी भरणें, मेंदूला सूज येणें अशा विकारांनीं घेरलें, आणि कांहीं दगावले. इंदरसिंग व त्यांचे सहकारी यांनीं ११,००० ते १८,००० फुटांवर आजारी पडलेल्या १,९२५ जवानांचा अभ्यास करून १९६९ सालीं जो निबंध प्रसिद्ध केला, तो ह्या विषयांतील आधारभूत निबंधांपैकीं एक मानला जातो. फुप्फुसांत पाणी भरण्याच्या ह्या विकाराचें वर्णन पेरूमधील वैद्यांनीं आधींच केलें होतें. इंग्रजी वाचणाऱ्या वैद्यांपुढें तें १९६० सालीं ठळकपणें मांडणारा गृहस्थ म्हणजे पेन्साकोलाचा तोच हौस्टन होय.

तेव्हां सखल प्रदेशांत राहणाऱ्यानें घरीं तयारी करूंच नये काय? अवश्य करावी, आणि कसून करावी. पाठीवर ओझें घेऊन जिने चढावे. त्याहून अधिक आस्थेनें ते उतरावे, कारण उतारावर ताणल्या जाणाऱ्या मांडीच्या स्नायूंना तोच खरा सराव आहे, आणि पर्वतावरील गुडघेदुखी बहुधा उतरणीची देणगी असते. लांब पल्ला रोज चालावा. नवे जोडे घरींच मळवून घ्यावे. ज्याचे पाय तयार आहेत त्याचे श्रम वांचतात, तोल सुटत नाहीं, आणि संकटांत दुसऱ्याला हात देण्याइतकी शक्ति शिल्लक राहते. परंतु ही तयारी पहिल्या परीक्षेची झाली. पुणेकर तरुण दर आठवड्याला सिंहगड चढत असेल, कळसुबाईच्या माथ्यावरहि अनेकदां जाऊन आला असेल. तरी महाराष्ट्राचें तें सर्वोच्च शिखर सुमारें ५,४०० फुटांचें आहे, आणि विमानानें कांहीं तासांत जेथें उतरतां येतें तें लेह शहर सुमारें ११,५०० फुटांवर आहे. सह्याद्रीनें त्याला पाय दिले. हवा दिली नाहीं. आज विरळ हवेचे तंबू विकत मिळतात आणि त्यांत आठवडेच्या आठवडे निजून शरीर थोडेंफार सरावतें, हें खरें. पण तो लाभ सपाटीवरच्या हवेंत लौकर ओसरतो, आणि पर्वतावरील सावकाशीची जागा तो घेऊं शकत नाहीं.

सुमारें १०,००० फुटांपलीकडे मुक्कामाची उंची एका दिवसांत दीड हजार फुटांहून अधिक वाढवूं नये, दर तीन-चार दिवसांनीं एक दिवस त्याच उंचीवर थांबावें, आणि आजाराचीं लक्षणें दिसलीं तर वर न जातां, तीं वाढलीं तर खालींच उतरावें, असा आजच्या वैद्यकशास्त्राचा सल्ला आहे. पॅरिसच्या कोठडीपासून पेन्साकोलाच्या कोठडीपर्यंत जें ज्ञान इतक्या मोलानें मिळालें, तें ह्या दोन-तीन वाक्यांत मावतें. तें पाळण्यास बाहुबळ लागत नाहीं; लागतात ते दिवस, आणि नेमके तेच सखल प्रदेशांतील नोकरदार माणसाजवळ कमी असतात. रजा मोजकी, परतीचें तिकीट काढलेलें, बरोबरीच्या मंडळींचा उत्साह दांडगा. अशा वेळीं विसाव्याचा दिवस कापून टाकण्याचा मोह सर्वांनाच होतो. म्हणून पर्वतयात्रेचा बेत कराल तेव्हां जिन्याच्या पायऱ्या मोजण्यापूर्वीं पंचांगांतील दिवस मोजावे, रजेच्या अर्जांत चार दिवस अधिक मागून घ्यावे, आणि वाटेंत कोणी सोबती डोकें दुखतें असें हळूच म्हणाला तर त्याला भित्रा न म्हणतां त्याच्यासाठीं सर्वांनीं थांबावें. शिखर पुढल्या वर्षींहि तेथेंच असतें.